संपतंय कवा?

अमेरिकेच्या दक्षिण भागात वाजवणाऱ्यांचं एक घराणं आहे. तिकडे त्यांना जॅम बँड म्हणतात. घराण्याचा नियम एकच: गाणं सुरू करायचं आणि ते संपवायची घाई कुणी करायची नाही. गाणं कुठून निघणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुठून कुठे जाणार आणि किती वाजता घरी येणार, हे वाजवणाऱ्यालाही माहीत नसतं. ऐकणारे याच गोष्टीचे पैसे देतात.

या घराण्याचे मूळपुरुष म्हणजे ऑलमन ब्रदर्स बँड. 1969 साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल गावी ही मंडळी जमली आणि थोड्याच दिवसांत बिऱ्हाड हलवून जॉर्जियातल्या मेकनला राहायला गेली. मुख्य गिटारवाले दोन, ड्रमवालेही दोन. एका माणसाच्या कामाला दोन माणसं ठेवली की मानधन वाढतं, हे कुठल्याही संसारी माणसाला कळतं. यांचा हिशेब निराळा होता. एक दमला तर दुसरा आहे, आणि दोघंही दमले नाहीत तर लोक दमतील.

त्यांचं 'व्हिपिंग पोस्ट' हे गाणं पहिल्या तबकडीवर 5 मिनिटांत आटोपतं. 1971 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या फिल्मोर ईस्ट थिएटरात तेच गाणं 23 मिनिटं चाललं. त्या मुक्कामातल्या कार्यक्रमांचा अल्बम निघाला, त्यात तबकड्या दोन, बाजू चार आणि गाणी मोजून सात. पुढच्या अल्बमातलं 'माउंटन जॅम' नावाचं गाणं तर 33 मिनिटांवर गेलं. एका बाजूवर मावेना, तेव्हा कंपनीने त्याचे दोन तुकडे केले. तेही असे, की अर्धं पहिल्या तबकडीच्या मागच्या बाजूला आणि उरलेलं दुसऱ्या तबकडीच्या मागच्या बाजूला. मध्ये उठून तबकडी बदलल्याशिवाय गाणं पुरं ऐकता येत नसे. एवढे कष्ट काढून लोक ते ऐकत होते, यावरून रोग किती जुना आहे ते कळतं.

हे आकडे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितले तर तो डोळे मोठे करील. जांबोटीच्या माणसाला सांगा. तो तंबाखू मळत म्हणेल, "तेहेतीस मिनिटं? तेवढा वेळ आमच्यात पेटी आन् पखवाज एका सुरात येईस्तोवर जातोय की ओ."

जांबोटी खानापूर तालुक्यात येते. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्यांना ती चहाला थांबण्याची जागा वाटते. चहा पिऊन ते पुढे जातात, आणि या पट्ट्यात रात्री काय चालतं ते त्यांना कधी कळत नाही. सुगी संपली, भात घरात आलं, की गावोगावी ज्ञानेश्वरी पारायणाचे सोहळे लागतात. छापील पत्रिका निघते. काकड आरती, ज्ञानेश्वरी वाचन, गाथा भजन, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन असा एकेक कार्यक्रम आणि पुढे वेळ. इथपर्यंत सगळं शाळेच्या वेळापत्रकासारखं सरळ असतं. मग तळाला ओळ येते: 'रात्री हरिजागर', आणि पुढे कुठल्यातरी गावच्या भजनी मंडळाचं नाव. हरिजागर किती वाजेपर्यंत, हे काही पत्रिकांत छापलेलं असतं. ते छापखान्याच्या समाधानासाठी. वेळ ठरते ती मंडळाच्या दमावर.

हरिजागर म्हणजे आमची जॅम. कीर्तन आटोपलं, बुवा जेवायला गेले, शहाणी माणसं अंथरुणाला लागली, की शेजारच्या गावचं मंडळ टेम्पोतून उतरतं. पेटीवाले सूर धरतात. काळी चार की काळी पाच यावर खाली मान घालून एक वाद होतो, आणि ज्याचा आवाज सकाळपासून बसलेला असतो तो हरतो. पखवाजवाले मांडी घालतात, डाव्या तोंडाला कणीक थापतात, हातोडीने गट्टे ठोकतात, कान लावतात, परत ठोकतात. या ठोकाठोकीला लोक कार्यक्रम समजत नाहीत, पण ऐकत बसतात. ड्युएन ऑलमन हा बँडचा मूळ म्होरक्या सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घालून ती गिटारीच्या तारांवरून फिरवायचा. एकाचं सामान औषधाच्या दुकानातून आलं, दुसऱ्याचं स्वयंपाकघरातून. वाद्यांची दुकानं चालवणाऱ्यांनी यातून काय बोध घ्यायचा तो घ्यावा.

मग रूपाचा अभंग लागतो. पहिला चरण सरळ म्हटला जातो, सगळ्यांना कळेल असा. दुसऱ्यांदा म्हटला जातो तेव्हा बुवांनी एका शब्दावर मुक्काम ठोकलेला असतो. तिसऱ्यांदा बुवा शब्द सोडून नुसत्या आकारात शिरतात. टाळकरी तोच चरण मागे लावून धरतात, कारण बुवा परत येतील तेव्हा गाव जागेवर सापडलं पाहिजे. तेवढ्यात पखवाजवाल्याला काहीतरी सुचतं. बुवा त्याच्याकडे बघतात. या बघण्याचे अर्थ दोन: 'घे' किंवा 'आवर'. पखवाजवाला दोन्हींचा अर्थ 'घे' असाच लावतो. मग लय दुप्पट होते, टाळांचा गजर वर चढतो, मागच्या रांगेत पेंगणारा आजोबा दचकून उठतो आणि उठल्या उठल्या बरोबर समेवर टाळी देतो. झोपेत तो मात्रा मोजत होता की मात्रा मोजत झोपला होता, हे आजवर कुणाला ठरवता आलेलं नाही.

एका अभंगाला अर्धा तास. गौळणीला त्याहून जास्त, कारण गौळण आली की तरणी पोरं जागी होतात. तुकोबांच्या गाथ्यात साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. ग्रेटफुल डेड या कॅलिफोर्नियाच्या बँडने 30 वर्षांत सुमारे 2300 कार्यक्रम केले, आणि दर कार्यक्रमाला गाण्यांची यादी वेगळी असे म्हणून त्यांचं फार कौतुक होतं. कौतुक व्हावंच. पण गाथा पुढ्यात असलेल्या मंडळाला रोज वेगळी यादी करण्यात अडचण ती काय? अडचण उलटी आहे. मंडळाला रोज नवीन अभंग घ्यायचा असतो आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याला रोज तोच पाहिजे असतो.

फर्माईश ही जागतिक व्याधी आहे. जॅक्सनव्हिलच्याच लिनर्ड स्किनर्ड या बँडचं 'फ्री बर्ड' नावाचं गाणं 1973 साली आलं. नऊ मिनिटांहून मोठं. तेव्हापासून अमेरिकेत कुणीही काहीही वाजवत असो, मागून एक आवाज येतो: "फ्री बर्ड!" बँड वेगळा, गाणं वेगळं, गावही वेगळं, तरी आवाज येतोच. आमच्याकडे हा माणूस मंडपाच्या खांबाला टेकून बसलेला असतो. बुवांनी कुठलाही अभंग काढला की तो म्हणतो, "त्ये मागच्या साली म्हटलेलं म्हणा की ओ." मागच्या साली काय म्हटलं होतं ते त्याला आठवत नाही, बुवांना आठवत नाही. बुवा मान डोलावतात आणि जे म्हणत होते तेच पुढे म्हणतात. खांबाजवळचा माणूस खूश होतो. "ह्येच त्ये," असं शेजाऱ्याला सांगतो.

दुसरी जात ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची. ग्रेटफुल डेडच्या कार्यक्रमांना लोक टेपरेकॉर्डर आणि उंच काठ्यांना बांधलेले मायक्रोफोन घेऊन येत. गर्दी इतकी वाढली की 1984 साली बँडने त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखून दिली. फुकट नेताय ना, मग नीट बसून न्या! त्या टेपा हातोहात फिरल्या आणि बँडचं नुकसान व्हायचं ते राहिलं, उलट ऐकणारे वाढले. आमच्याकडे हे काम मोबाइलवर होतं. पुढे मांडी घालून बसलेला भाचा बुवांच्या पायाशी फोन उलटा ठेवतो. रेंज नसली तरी रेकॉर्डिंगला रेंज लागत नाही, हे जंगलपट्ट्यातल्या माणसाला शहरवाल्याच्या आधी कळलेलं आहे. दुसऱ्या दिवशी चार गावांत ती फाईल पोचते. तीत एक चतुर्थांश अभंग, एक चतुर्थांश टाळ आणि बाकी अर्ध्या भागात "चहा आला, चहा आला" एवढंच ऐकू येतं.

चहाचं निघालं म्हणून सांगतो. मध्यरात्रीनंतर चहा आणि उप्पीट फिरतं तेव्हा हरिजागराचं खरं शास्त्र कळतं. बुवा चहा घेतात तेव्हा पेटीवाले चालवतात. पेटीवाल्यांच्या हातात बशी आली की टाळकरी चालवतात. सगळ्यांच्याच हातात बशा आल्या की एकटा विणेकरी उभा असतो. विणा खाली ठेवायची नसते, ती या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. नाद खंडत नाही. अमेरिकेत याच जागी दोन ड्रमवाल्यांचं लांबलचक वादन येतं, आणि बाकीची मंडळी पडद्यामागे काहीतरी पिऊन येतात. काय पितात ते विचारू नये. सप्त्याचे दिवस आहेत.

आता मूळ प्रश्न. लोक एवढा वेळ बसतात कशाला? अमेरिकेतल्या पंडितांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे: समूहाची ऊर्जा, काळाचं भान सुटणं वगैरे. जांबोटी पट्ट्यापुरतं उत्तर सोपं आहे. पलीकडे भीमगडचं अभयारण्य आहे आणि त्यात अस्वलं आहेत. रात्री एक वाजता भजन सोडून रानातल्या वाटेने घरी निघालेला माणूस धाडसी म्हणायचा. शहाणा माणूस सकाळच्या पहिल्या गाडीपर्यंत थांबतो, आणि थांबायचंच आहे तर टाळ हातात घेतो. मोठमोठ्या बँडना श्रोते टिकवायला दिव्यांचे खेळ करावे लागतात. आम्हाला अस्वल पुरतं.

शिवाय या भागाला न संपणाऱ्या गोष्टींची सवय आहे. राज्य पुनर्रचना झाली 1956 साली. तेव्हापासून सीमाप्रश्न चालू आहे. 2004 पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. तारखा पडतात, आलाप होतात, समेवर येणार असं वाटतं आणि परत पहिला चरण सुरू होतो. एवढ्या लांबणीत वाढलेल्या माणसाला 33 मिनिटांचं कौतुक कोण सांगणार? गंमत अशी की हरिजागरात हा प्रश्न कुणाला आठवत नाही. तुकोबा आटोपले की एखादा बुवा पुरंदरदासांचं कन्नड पद घेतो, पखवाजवाला ठेकासुद्धा बदलत नाही, आणि दोन्ही बाजू एकाच सतरंजीवर मान डोलावतात.

बँडमागून गावोगाव फिरणारे श्रोते हाही अमेरिकेत मोठ्या नवलाचा विषय आहे. डेडच्या मागे लोक जुन्या गाड्यांतून महिनोन्‌महिने हिंडत. जॉर्जियातल्या अथेन्स गावी 1986 साली सुरू झालेल्या वाइडस्प्रेड पॅनिक या बँडचीही तीच कथा. कोलोरॅडोतल्या रेड रॉक्स या डोंगरातल्या खुल्या रंगमंचावर सर्वांत जास्त हाऊसफुल्ल रात्रींचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. तीन रात्रींच्या मुक्कामात गाणं सहसा परत येत नाही, म्हणून माणसं तिन्ही रात्रींची तिकिटं काढतात. एक रात्र चुकली तर तिसरा हिस्सा बुडाला! 18 एप्रिल 1998 ला त्यांनी अथेन्सच्या रस्त्यावर फुकट कार्यक्रम केला तेव्हा गर्दीचा अंदाज लाखाच्या घरात गेला.

लाख? आषाढीला या, म्हणावं. आळंदीच्या पालखीला आजचं रूप दिलं हैबतबाबा आरफळकरांनी, 1832 च्या सुमाराला. त्या पालखीपुढचे अश्व आमच्याच बेळगाव जिल्ह्यातले, चिकोडीकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. अंकलीहून आळंदीपर्यंत ते चालत जातात. म्हणजे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच आमच्या जिल्ह्याचा दौरा सुरू झालेला असतो. पुढे दिंड्यांमागून दिंड्या, प्रत्येकीची विणा वेगळी, पखवाज वेगळा, चाल वेगळी. तिकीट नाही, रंगमंच नाही. वाजवणारा आणि ऐकणारा यांत फरक एवढाच की एकाच्या गळ्यात पखवाज आहे आणि दुसऱ्याच्या हातात टाळ. या सगळ्या गजरात मुक्कामाला समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड वर करतात आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. जॅम बँडवाल्यांना सगळं जमलं, एवढं मात्र जमलं नाही. सुरू कुणीही करतं. थांबवायला चोपदार लागतो.

घाट उतरून गोव्यात गेलं तर सत्तरीत चवथीच्या दिवसांत घुमट आरत्या लागतात. घुमट, शामेळ, कासाळं घेऊन मंडळी एका घरातून दुसऱ्या घरात जातात आणि देवाला आरती पुरी झाली तरी वादकांची होत नाही. 2019 साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला. पूर्वी त्याच्या तोंडाला घोरपडीचं कातडं असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं बसवतात. घोरपडी वाचल्या. शेजाऱ्यांची झोप पूर्वीइतकीच जाते.

आता टिकण्याचं गणित. ऑलमन बँडचा ड्युएन 29 ऑक्टोबर 1971 ला मोटरसायकलच्या अपघातात गेला, वय अवघं 24. पुढच्या वर्षी बेस गिटारवाला बेरी ओकली त्याच मेकन गावात, तशाच अपघाताने गेला. एखादा बँड तिथेच आटोपला असता. हे मोडले, परत जुळले, परत मोडले, परत जुळले आणि 2014 पर्यंत वाजवत राहिले. दुसरा गिटारवाला डिकी बेट्स याला सन 2000 मध्ये काढलं, ते फॅक्स पाठवून. आमच्या मंडळात इतका कागदी कारभार नसतो. ज्याला काढायचं त्याला टेम्पो किती वाजता सुटणार ते कुणी सांगत नाही. तो समजतो, आणि पुढच्या साली समोरच्या गावच्या मंडळात पेटी वाजवताना दिसतो. अशानेच एका गावात दोन मंडळं होतात. कलेची वाढ ही अशी भांडणातून होते, फक्त सत्काराच्या भाषणात तसं म्हणत नाहीत.

रिकाम्या जागेवर येतो तो घरातलाच. ड्रमवाल्या बुच ट्रक्सचा पुतण्या डेरेक 1999 मध्ये ऑलमन बँडात गिटार घेऊन बसला आणि काकाच्या बरोबरीने वाजवू लागला. आमच्याकडे काकाच्या मांडीवर बसून टाळ चावणारं पोर विसाव्या वर्षी काकाच्या पखवाजावर बसतं. वाइडस्प्रेड पॅनिकचा मायकेल हाउजर खुर्चीत बसून गिटार वाजवायचा. तो 2002 च्या ऑगस्टमध्ये गेला, बँड अजून वाजतो आहे. देवळाच्या भिंतीवर हार घातलेल्या तसबिरी असतात, तेच आमच्या मंडळांचे मूळ सभासद. त्यांच्या चाली मात्र अजून वापरात आहेत. कुणाची चाल कुठली हे सांगताना बुवा आधी तसबिरीकडे हात करतात आणि मग गातात. गाण्याचा हक्क कुणाच्या मालकीचा यावर कोर्टात जायची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

टिकायचं असेल तर गाणं रोज थोडं बदललं पाहिजे, पण इतकं नको की मागच्या रांगेतल्या आजोबाला समेवर टाळी देता येऊ नये. मेकनच्या पोरांना हे कळलं होतं आणि खानापूर तालुक्यातल्या पखवाजवाल्यांना कळतं. ज्यांनी तबकडीवरचं जसंच्या तसं वाजवलं, त्यांना ऐकायला लोकांनी घरी तबकडीच लावली. ज्यांनी सगळंच बदललं, त्यांना ऐकायला कुणी थांबलं नाही. अस्वलाच्या तोंडी जाणं बरं वाटलं.

हरिजागरावर आता मोठा घाला आला आहे तो घड्याळाचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद झाले. सरकारने परवानगी दिली तर वर्षातले काही दिवस मध्यरात्रीपर्यंत. रात्ररात्र चालणाऱ्या शास्त्रीय मैफलीही त्या घड्याळाखाली आल्या. नियम चुकीचा नाही. रात्री दोन वाजता भैरवीआधीचा गजर सोसणाऱ्या परीक्षार्थी पोराला विचारा. पण त्याने एक भलं झालं. कर्णा बंद झाला तेव्हा कोणत्या मंडळाला खरंच गाता येतं आणि कोणाला फक्त माइक येतो, ते गावाला कळलं.

तेव्हा सुगीनंतर या बाजूला आलात आणि पत्रिकेच्या तळाला 'हरिजागर' दिसलं, तर चहा पिऊन पुढे जाऊ नका. शाल आणा. देवळातल्या ढिगातला एक टाळ उचला. तो कुणाचा म्हणून कुणी विचारणार नाही. फर्माईश करू नका. आणि काही झालं तरी शेजाऱ्याला "संपतंय कवा?" म्हणून विचारू नका. तो वाईट वाटून घेणार नाही, खरं तुम्ही बाहेरगावचे हे त्याला तिथल्या तिथे कळेल.